अजब बंगला आणि दोन गाठोडी



मी कळमन्याला राहतो. नागपूर शहराच्या पूर्व अंगाचे हे कळमना आज बाजारामुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. संत्र्याचा बहार उतरला, की रात्रीपासूनच येथे गाड्यांची रांग लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूचा माल पहाटे खाली होतो, ढीग लागतात, लिलाव पुकारला जातो, आणि ऊन डोक्यावर येण्याच्या आत कास्तकाराच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. परतीची गाडी मात्र संध्याकाळी असते. तोवर करायचे काय? बरोबर एखादा मुलगा आलेला असतो. तो बापाचा सदरा ओढीत असतो. अशा वेळी चहाच्या टपरीवर मला कोणी ना कोणी विचारतोच, "गुरुजी, पोराले घेऊन आलो. नागपुरात काय दाखवू जी?"

जन्मभर मास्तरकी केलेला मी माणूस. माझे उत्तर ठरलेले असते : "अजब बंगला दाखवा."

अजब बंगला हे काही सरकारी नाव नव्हे. सरकारी पाटीवर 'मध्यवर्ती संग्रहालय' असे लिहिलेले आहे. सिव्हिल लाइन्समधील हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्या वेळी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते सर रिचर्ड टेंपल. महाराष्ट्रातील जुन्यात जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. पण लोकांना 'संग्रहालय' हा शब्द कधी रुचला नाही. बंगला आहे, आणि आत अजब वस्तू आहेत. तेव्हा तो अजब बंगला! कोलकात्याच्या लोकांनीही आपल्या १८१४ सालच्या संग्रहालयाला 'जादूघर' म्हटले. विद्वानांनी शास्त्र ठेवले, आणि लोकांनी त्यात जादू पाहिली. आज मला या दोहोंविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. शास्त्र आणि जादू, खरे आणि रचलेले, यांची सरमिसळ झाली म्हणजे माणसाचे भले होते की वाईट?

माझ्या आजोबांनी मला अजब बंगला पहिल्यांदा दाखवला. भुसा भरलेले वाघ-अस्वल, काचेच्या डोळ्यांचे पक्षी, तलवारी, नाकतुटक्या मूर्ती, ताम्रपट. आजोबांना अक्षर येत नव्हते. पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून ते गप्प बसले असे नाही. वाघापुढे उभे राहून ते म्हणाले, "हा रात्री जिता होते. म्हणून तं दाराले एवढं मोठं कुलूप." दगड झालेले एक हाड होते, त्यापुढे म्हणाले, "ही राक्षसाच्या मांडीची नळी." त्या रात्री मला झोप आली नाही. भीती वाटली हे खरे. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट वाटली. आपल्या गावाच्या शिवेपलीकडे, आपल्या आजोबांच्या जन्माच्या अलीकडे-पलीकडे, काहीतरी प्रचंड घडून गेलेले आहे असे वाटले. पुढे मी शास्त्र शिकलो. वाघ जिवंत होत नाही आणि हाड राक्षसाचे नाही, हे कळले. आजोबांचा राग मात्र कधी आला नाही. का आला नाही, याचे उत्तर मला फार उशिरा सापडले. आणि ते या बंगल्याच्या जन्मकथेतच सापडले.

या जन्मकथेत एक माणूस आहे. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने चालते तेच हे. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचे काम. पण रिकाम्या वेळी तो दोन गोष्टी गोळा करीत हिंडे. एक म्हणजे दगड. टाकळीच्या आणि सीताबर्डीच्या बाजूला काळ्या दगडांच्या थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख सापडले. शंखांचाही दगडच झालेला. आता विचार करा. हा काळा दगड म्हणजे जमिनीच्या पोटातून उकळत आलेला, मग निवून घट्ट झालेला रस. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या रसाच्या एका थरावर तळे साचले, तळ्यात गोगलगाई नांदल्या, आणि मग पुन्हा वरून दुसरा थर आला. आपल्या पायाखाली तळी मिटून पडलेली आहेत! हे हिस्लॉपने आणि त्याच्या हंटर नावाच्या सहकाऱ्याने जगाला दाखवले.

हिस्लॉप दुसरी जी गोष्ट गोळा करी, ती म्हणजे माणसांच्या तोंडची कथा. गोंड समाजात परधान गायक आपल्या पूर्वजांची, लिंगोची गाथा गातात. कोंडून पडलेल्या गोंडांना सोडवणारा, त्यांना रीत शिकवणारा असा हा लिंगो. परधानाच्या तोंडून ती गाथा हिस्लॉपने उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाटच्या बाजूला जुनी शिळावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात तो बुडून मेला. ज्या वर्षी अजब बंगला जन्मास आला, त्याच वर्षी हा माणूस गेला. त्याचे कागद मागे राहिले. टेंपलसाहेबांनी ते १८६६ साली छापले, म्हणून लिंगोची गाथा छापील स्वरूपात उरली.

मंडळी, या माणसाजवळ जणू दोन गाठोडी होती. एका गाठोड्यात शंख, दगड, हाडे. दुसऱ्यात माणसांच्या कथा. त्याने शंखाला कथा म्हटले नाही. गाथेलाही त्याने, हे अडाण्याचे बोलणे म्हणून, उकिरड्यावर टाकले नाही. पहिले गाठोडे तपासण्याचे आणि दुसरे सांगण्याचे. दोन्ही मोलाची, आणि दोघांची गाठ वेगळी. माझ्या आजोबांजवळ सांगण्याचे गाठोडे होते. तपासण्याचे गाठोडे मला शाळेने दिले. मग राग कोणाचा आणि कशासाठी यावा?

आता तुम्ही म्हणाल, की ही दोन्ही गाठोडी कोणी मुद्दाम एकाच चादरीत बांधली तर? असा एक माणूस खरोखरच आहे. त्याच्या अजब बंगल्यात आता तुम्हांला घेऊन जातो. जायचे मात्र साता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरात.

तेथे १९८८ साली डेव्हिड विल्सन नावाच्या गृहस्थाने आणि त्याची पत्नी डायना हिने एक लहानसे संग्रहालय काढले. त्याचे नाव 'ज्युरासिक तंत्रज्ञानाचे संग्रहालय'. या नावातच पहिली गंमत आहे. ज्युरासिक हा सुमारे पंधरा ते वीस कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा माणूसच नव्हता, मग तंत्रज्ञान कोणाचे? हा प्रश्न घेऊनच माणूस दारातून आत शिरतो. आत अंधाऱ्या खोल्या, काचेची कपाटे, मंद दिवे. पाट्या अगदी गंभीर, पंडिती भाषेतल्या. कानाला लावायला फोन, आणि त्यातून सांगणाऱ्याचा आवाजही तसाच भारदस्त. कोठे हसू नाही, कोठे डोळा मिचकावणे नाही.

एका ठिकाणी वटवाघळाची हकीकत आहे. हे वटवाघूळ म्हणे भिंतीतून आरपार उडून जाते. त्याला पकडायला एका शास्त्रज्ञाने शिशाच्या जाडजूड भिंती उभ्या केल्या, आणि शेवटी एका भिंतीच्या ऐन मध्यावर ते अडकून सापडले. शास्त्रज्ञाचे नाव दिले आहे, डोनाल्ड ग्रिफिथ. आता खरी गोष्ट अशी, की असे वटवाघूळ नाही आणि तो शास्त्रज्ञही नाही. पण डोनाल्ड ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ मात्र होता! वटवाघळे आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज काढतात, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९३८ साली दाखवून दिले. त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वटवाघळे अंधारात वाट काढतात, हे पुढे त्यानेच सिद्ध केले. म्हणजे नावाचे एक अक्षर बदलले, आणि खऱ्याच्या अंगणात खोटे येऊन बसले.

दुसऱ्या कपाटात मुंगी आहे. जंगलातली ही मुंगी एका बुरशीचे बीज अंगात गेल्यामुळे भ्रमिष्टासारखी होते. जमिनीवरची वाट सोडून झाडावर चढते, पान किंवा देठ दातांत घट्ट धरते आणि तेथेच मरते. मग तिच्या डोक्यातून एक शिंग बाहेर येते, आणि त्या शिंगातून बुरशीचे नवे बीज खाली मुंग्यांवर पडते. ऐकणारा हसतो. वटवाघूळ पटवून घेतलेला माणूसही येथे म्हणतो, की आता मात्र फार झाले! आणि नेमकी हीच हकीकत बहुतांशी खरी आहे. संग्रहालयाने मुंगीचे नाव-गाव इकडचे तिकडे केले असेल. पण मुंगीला अशी भारून टाकणारी बुरशी उष्ण देशांतल्या जंगलांत खरोखर आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच ती गोळा केली होती.

तिसऱ्या ठिकाणी सुईच्या नेढ्यात उभ्या केलेल्या मूर्ती आहेत. भिंगातून पाहाव्या लागतात. त्या घडवणारा हागोप सांदाल्ज्यान हा आर्मेनियन वंशाचा व्हायोलिनवादक. सांगतात, की हाताचा कंप टाळण्यासाठी हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात तो हत्यार चालवी. हा माणूस खरा आणि त्या मूर्तीही खऱ्या. आपल्या जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारा कारागीर पाहिला असेल त्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. पण तेथे आलेला माणूस तोवर एवढा गोंधळलेला असतो, की डोळ्यांनी दिसणाऱ्या मूर्तीवरही विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला कळेनासे होते.

खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे संग्रहालय सांगत नाही. विल्सनसाहेबांना २००१ साली मॅकआर्थर फेलोशिप हा तिकडचा मोठा सन्मान मिळाला; म्हणजे जाणत्यांनीही या उद्योगाला मान दिला.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या मनात या वेळी काय आले असेल ते मला ठाऊक आहे. कारण माझ्याही मनात तेच आले. ही तर चक्क फसवणूक! आधीच अफवांना तोटा नाही. पूर्वी अफवा बाजाराच्या दिवशी बैलबंडीतून गावात येत असे, आज ती खिशातल्या मोबाईलवर येते. अशा दिवसांत खऱ्या-खोट्याचा काला करणारे संग्रहालय हवे कशाला?

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे सांगणाऱ्याची एक जुनी रीत आहे. आजी 'आटपाट नगर होतं' असे म्हणाली, की पोर समजते : आता आपण सांगण्याच्या राज्यात शिरलो. तेथे बोलणारा पोपट चालतो, सात समुद्र चालतात. दंडारीत गडी लुगडे नेसून आला, तर कोणी पोलिसात जात नाही. दारावर खूण आहे. विल्सनसाहेबांनी ही खूणच काढून टाकली. का काढली? पाटी दिसली की मोठा माणूस विचार करणे थांबवतो, हे त्यांनी ओळखले. छापले आहे म्हणजे खरे आहे. काचेच्या मागे आहे म्हणजे खरे आहे. इंग्रजीत आहे, मग तर काय बोलूच नका! खूण काढली म्हणजे माणसाला स्वतःचे डोके वापरावे लागते. तो घरी जातो आणि पुस्तक उघडून पाहतो, की अशी मुंगी असते का हो?

म्हणजे फसवणूक आहे की नाही, याची कसोटी माझ्या मते अशी आहे : हे नवल तुम्हांला प्रश्न विचारू देते का? तपासू देते का? तुम्ही शंका घेतली तर तुमचे काही नुकसान होते का? त्या संग्रहालयात कोणी शंका घेतली, म्हणून त्याला बाहेर काढीत नाहीत. कोणी विश्वास ठेवला, म्हणून त्याची जमीन जात नाही.

जमीन जाण्याची गोष्ट मी उगाच काढली नाही. माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव-गाव सांगत नाही. संत्र्याचा बगीचा असलेला चांगला कास्तकार आहे म्हणा. एका वर्षी बहार चांगला उतरला, भाव चांगला लागला. पट्टीचे पैसे घरी आले, त्याच आठवड्यात कोणी एक गोडबोल्या त्याच्याकडे आला. म्हणाला, दुतोंड्या साप आहे, मांडूळ. ज्याच्या घरी राहील त्याच्या घरी धन येईल; आणि बाहेरच्या देशात याला कोटीचे गिऱ्हाईक आहे. फक्त पूजेचा खर्च करायचा, आणि साप गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचा. वर्षाच्या कष्टाचा पैसा गेला. गोडबोल्याही गेला. पुढच्या वर्षी त्याने वावर गहाण टाकले.

मला तो बाजारात भेटला. मी म्हटले, "अरे, तू त्याले काही विचारलं नाही?"

तो खाली मान घालून म्हणाला, "विचारणारच होतो, गुरुजी. पण तो म्हणे, शंका घेतली का गुण जाते."

श्रोते हो, हे वाक्य ऐकले आणि माझ्या काळजात काहीतरी लागले. पंचवीस वर्षांपूर्वी याच मुलाला मी सहलीत अजब बंगला दाखवला होता. दगड झालेल्या हाडापुढे उभे राहून त्याने विचारले होते, "गुरुजी, हाडाचा गोटा कसा होते जी? अन् तो होताना कोणी पाह्यला?" केवढा मोठा प्रश्न! पण चाळीस पोरे सांभाळायची, बस गाठायची. आणि खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "तिथं लिहिलं आहे ना? मग चूप बस." तो चूप बसला. त्या सहलीची त्याला आठवणही नसेल. एका वाक्याने कोणी लुबाडला जात नाही, हे मलाही कळते. पण 'लिहिले आहे, मग चूप बस' आणि 'शंका घेतली की गुण जातो', या दोन वाक्यांत मला फरक सापडत नाही. आजोबांनी मला राक्षसाची मांडी सांगितली, तरी माझे तोंड बंद केले नाही. मी त्या पोराला खरी वस्तू दाखवली, आणि त्याचे तोंड बंद केले.

आता त्या मांडुळाचे खरे ऐका. मांडुळाला दोन तोंडे नसतात. त्याची शेपटी बोथट असते, डोक्यासारखी दिसते. संकट आले, की तो डोके वेटोळ्याखाली लपवतो आणि शेपटी पुढे करतो. शत्रू शेपटीवर झडप घालतो आणि डोके वाचते. बिनविषारी प्राणी, उंदीर खाणारा, म्हणजे कास्तकाराचा मित्रच. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने त्याला पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे. आता सांगा, धन आणणारा दुतोंड्या अजब, की शेपटीला डोके बनवून जीव वाचवणारा हा मुका प्राणी अजब? खरे नवल काही कमी पडत नाही. ते पाहायला थोडा धीर लागतो, इतकेच.

असे नवल आपल्या विदर्भात किती आहे, याचे एकच उदाहरण देतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथल्या शिवारात प्राचीन प्राण्यांची दगड झालेली हाडे सापडतात. हिस्लॉपच्या काळापासून हे जाणकारांना ठाऊक आहे. हाडांबरोबर आणखी एक वस्तू सापडते. हसू नका : दगड झालेले शेण! लांब मानेच्या, अवाढव्य, पाला खाणाऱ्या डायनोसॉरचे हे शेण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. तुमच्या-आमच्यापैकी कोणी असा गोटा पायाने उडवून पुढे गेला असता. पण कोणीतरी तो उचलला आणि विचारले, की याने खाल्ले तरी काय होते?

तुम्हांला माहीत आहे, की गवताचे पाते बोटाला कापते. त्याचे कारण त्या पात्यात वाळूच्या जातीचे अगदी बारीक कण असतात. गवत कुजते, पण हे कण कुजत नाहीत. आणि निरनिराळ्या प्रकारच्या गवतांत त्यांचे आकार वेगवेगळे असतात. शास्त्रज्ञांनी तो गोटा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. २००५ साली त्यांनी जाहीर केले, की यात किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण आहेत. तोपर्यंत डायनोसॉर गवत खात असतील असे कोणी मानीत नव्हते. गवताचा पसारा त्यांच्यानंतरचा, असे जगभरच्या पुस्तकांत होते. पिसदुऱ्याच्या शेणाने पुस्तक बदलले! पुढे २०११ मध्ये याच कणांच्या अभ्यासातून असे दिसले, की आपल्या भाताच्या कुळातले गवतही त्या काळी होते. म्हणजे भंडाऱ्याच्या बांधीत डोलणाऱ्या धानाचे दूरचे नातलग डायनोसॉरच्या पोटात गेलेले आहेत.

ही गोष्ट विल्सनसाहेबांच्या कपाटात ठेवली, तर कोणीही म्हणेल, हे रचलेले आहे. पण ती तपासण्याच्या गाठोड्यातली आहे. गोटा आहे, कण आहेत, ज्याला पाहायचे त्याने पाहावे. उद्या कोणी शंका काढली, तर या गोष्टीचा गुण जात नाही. उलट शंकेनेच ती सापडली.

याच अजब बंगल्याशी जोडलेली आणखी एक हकीकत सांगतो, म्हणजे शेतावरच्या पोरांना धीर येईल. १८७० साली, आज मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातूचे काही दिसले. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. हजारो वर्षांपूर्वीचा ठेवा! त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आल्या. तो ठेवा मांत्रिकाने दाखवला नाही, कोणत्या पूजेने वर आला नाही. गुराख्याच्या पोरांना काहीतरी दिसले, आणि 'हे काय असेल?' म्हणून ती थांबली.

शिक्षक मित्रांनो, मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्गात एक लाकडी पेटी ठेवीत असे. पोरांनी तिचे नाव 'अजब पेटी' ठेवले. दर शनिवारी तीत पाच वस्तू ठेवायच्या : एखादा शंख, सुगरणीचा खोपा, सापाची कात, जुने नाणे, नदीतला गोटा. प्रत्येक वस्तूची एक हकीकत सांगायची, आणि त्यातली एक हकीकत रचलेली. रचलेली कोणती, हे पोरांनी आठवडाभरात शोधून काढायचे. घरी विचारावे, शेतात पाहावे, पुस्तक उघडावे. त्यासाठी तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलेले असत : हे कोणी पाहिले? मला पाहता येईल का? आणि मी खरे मानले, तर फायदा कोणाचा? पुढच्या शनिवारी मी खरे काय ते सांगून टाकी. हे शेवटचे पाऊल कधी चुकवू नका. विल्सनसाहेब ते टाळतात. त्यांचे गिऱ्हाईक मोठे माणूस आहे, घरी जाऊन तपासू शकते. आपल्या पोराजवळ पुस्तक असेलच असे नाही. त्याला कोड्यात टाकावे, पण कोड्यात सोडून जाऊ नये.

या पेटीपायी माझी दोनदा फजिती झाली. पोरांनी माझी खरी म्हणून सांगितलेली हकीकतच खोटी ठरवली, आणि पुराव्यासह! त्या दिवशी मला हरल्याचे जितके समाधान वाटले, तितके जिंकल्याचे कधी वाटले नाही.

आणि जे गुरुजी किंवा बाई म्हणतील, की मग आजीच्या गोष्टी बंद कराव्या काय, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे : मुळीच नाही. पोराने राक्षसाची मांडी ऐकलीच नाही, तर दगड झालेल्या हाडापुढे ते थांबणार कशाला? सांगण्याचे गाठोडे पोराचे पाय थांबवते, आणि तपासण्याचे गाठोडे त्याचे डोळे उघडते. दोन्ही खांद्यावर घ्यावीत. फक्त गाठ वेगळी असावी, आणि कोणते कोणत्या खांद्यावर आहे ते विसरू नये.

गेल्या हंगामात माझा तो विद्यार्थी पुन्हा बाजारात आला होता. वावर अजून पुरते सुटलेले नाही, पण सुटेल म्हणाला. बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. पट्टी हातात पडल्यावर दोघे अजब बंगल्याकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पोर बापाला सारखे काही विचारीत होते, आणि बाप थकलेला होता. मला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, हा विचारते का हाडाचा गोटा कसा होते. सांगा बरं आता तुम्हीच."

मी त्या पोराला जवळ बसवले. हाड चिखलात पुरले जाते, पाणी झिरपते, पाण्यातले खनिज कणाकणाने हाडाच्या भोकांत बसते, आणि लक्षावधी वर्षांत हाडाच्या आकाराचा दगड उरतो, असे सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग ते म्हणाले, "पण होताना कोणी पाह्यलं?"

मी म्हणालो, "कोणीच नाही, बाळा. म्हणूनच तर तपासावे लागते."

गाडी सुटायची वेळ झाली होती, आणि पोराचे अजून चार प्रश्न शिल्लक होते. पुढच्या खेपेला ये म्हटले. तुम्हीही या. माल घेऊन कळमन्याला आलात, की पोराला बरोबर आणा, आणि एक दुपार अजब बंगल्यासाठी राखून ठेवा. पाट्या वाचून दाखवा. जमल्यास एखादी गोष्टही सांगा. आणि पोराने प्रश्न विचारला, तर एवढेच करा, त्याला चूप बसवू नका.